धंद्यात मोठं नुकसान झालंय, आता त्यातून शिकायचं कसं? नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

धंद्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी ऐकवतंच की अनुभवातून माणूस शहाणा होतो. ऐकायला बरं वाटतं, पण आजूबाजूला जरा नीट बघा, वीस वीस वर्षं धंदा करणारी माणसं तीच उधारी, तोच न खपणारा माल आणि तेच तोंडी व्यवहार यात परत परत अडकलेली दिसतील, म्हणजे अनुभव भरपूर आहे पण शहाणपण कुठंय? नुकसान झालं म्हणजे फी भरली गेली एवढंच, वर्गात बसायचं की नाही हे वेगळं, आणि बहुतेक जण फी भरतात आणि वर्गात न बसताच निघून जातात, वर सगळ्यांना सांगतात की मी खूप शिकलो.

माझं सरळ मत असं आहे की एखाद्या चुकीनंतर तुमच्या रोजच्या कामाच्या पद्धतीत एक तरी गोष्ट बदलली नसेल, म्हणजे बिल बनवताना, ऑर्डर घेताना, पैसे देताना, तर तुम्ही काही शिकलेला नाहीत, फक्त तुम्हाला वाईट वाटलेलं आहे. खाली ज्या पायऱ्या लिहिल्यात त्या याच हिशोबाने, नुकसान झाल्याच्या दिवसापासून ते कामाची पद्धत बदलेपर्यंत. धंदा छोटा आहे की मोठा याने फार फरक पडत नाही.

पायरी १: आधी हात थांबवा, शिकायचं नंतर बघू

नुकसान लक्षात आल्यावर पहिले दोन-तीन दिवस माणूस सगळ्यात जास्त चुका करतो, कारण गेलेले पैसे लगेच परत मिळवायचे असतात. माल खपत नाही म्हणून घाबरून किंमत अर्ध्यावर आणायची, एक गिऱ्हाईक बुडवून गेलं म्हणून चांगल्या गिऱ्हाइकांनाही रागाने फोन करायचे, तोटा भरून काढायला दुप्पट मोठी ऑर्डर घ्यायची. पहिल्या चुकीपेक्षा ही दुसरी चूक बरेचदा महाग पडते.

याचं भयंकर उदाहरण म्हणजे नाइट कॅपिटल ही अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनी. १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवीन सॉफ्टवेअर चालू केलं, ते आठ सर्व्हरवर टाकायचं होतं पण टाकणाऱ्याकडून एक सर्व्हर राहून गेला आणि त्या आठव्या सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच पडून होता तो जागा झाला आणि धडाधड चुकीच्या ऑर्डरी जायला लागल्या. आता गंमत बघा, गडबड दिसल्यावर तिथल्या लोकांनी घाईघाईत नवीन कोड काढून टाकला, पण काढला तो नीट चालणाऱ्या सात सर्व्हरवरून, त्यामुळे तिथेही जुना कोड जागा झाला, म्हणजे आधी एक बिघडलेला होता आता आठही बिघडले. साधारण ४५ मिनिटांत ४० कोटी डॉलरच्या वर नुकसान. पुढच्या वर्षी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

म्हणून पहिलं काम एवढंच की नुकसान वाढत असेल तर ते थांबवा (माल पाठवणं थांबवा, पेमेंट थांबवा, जाहिरात बंद करा, जे असेल ते), आणि त्यानंतर किमान एक झोप होईपर्यंत नवीन मोठा निर्णय घेऊ नका. नवीन कर्ज नाही, नवीन माल नाही, कोणाला कामावरून काढणं नाही. थांबवणं आणि दुरुस्त करणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि घाई फक्त पहिल्यात चालते.

पायरी २: ज्यांना सांगायला हवं त्यांना लगेच सांगा

भागीदार, हिशोब बघणारा माणूस, ज्याच्या पैशांवर परिणाम होणार आहे तो, आणि गिऱ्हाइकाचं नुकसान होणार असेल तर गिऱ्हाईकसुद्धा. हे सगळ्यात अवघड काम आहे हे मान्य, पण लपवलेली चूक जेवढी होती तेवढी राहत नाही.

बेअरिंग्ज ही ब्रिटिश बँक १७६२ पासूनची. तिच्या सिंगापूरच्या ऑफिसात निक लीसन नावाच्या ट्रेडरने तोट्याचे व्यवहार ८८८८८ या नंबरच्या खात्यात लपवायला सुरुवात केली आणि मग तो तोटा भरून काढायला अजून मोठे सौदे, मग अजून मोठे, असं करत १९९५ च्या फेब्रुवारीत बँक बुडाली तेव्हा तोटा ८२ कोटी पौंडांच्या वर गेला होता आणि शेवटी ती बँक एका पौंडाला विकली गेली. हे इतके दिवस चाललं कसं, तर सौदे करणारा तोच आणि त्या सौद्यांचा हिशोब ठेवणाऱ्या खात्याचा प्रमुखही तोच. नवीन लोकांनी यातून उचलायची गोष्ट ही की पैसे खर्च करणारा आणि खर्चाची नोंद तपासणारा एकच माणूस नको. दोनच माणसांचा धंदा असला तरी बँक स्टेटमेंट मालकाने स्वतः बघायचं, दुसऱ्याने काढून दिलेली समरी नाही.

गिऱ्हाइकाच्या बाबतीत इंटेलची १९९४ ची गोष्ट बघण्यासारखी आहे. त्यांच्या पेंटियम या कॉम्प्युटर चिपमध्ये भागाकाराची एक चूक निघाली, ती इतकी क्वचित होते की साध्या माणसाला कधी कळणारही नाही असं कंपनीचं म्हणणं होतं. पण आधी त्यांनी काय केलं, तर ज्याला खरंच गरज आहे हे पटवून देता येईल त्यालाच चिप बदलून देऊ असं धोरण ठेवलं, लोक भडकले, पेपरात आलं, आणि शेवटी डिसेंबरमध्ये मागेल त्याला बदलून देऊ असं जाहीर करावं लागलं. ४७.५ कोटी डॉलरचा फटका हिशोबात दाखवावा लागला. चिपमधल्या चुकीने झालेलं नुकसान वेगळं आणि "तुम्हाला गरज आहे हे सिद्ध करा" या बोलण्याने झालेलं वेगळं, आणि दुसरं टाळता आलं असतं.

पायरी ३: नुकसानाचा खरा आकडा काढा

इथे बहुतेक जण स्वतःला फसवतात. कोणाकडे एक लाख बुडाले तर माणूस म्हणतो एक लाखाचं नुकसान झालं. पण तुमच्या धंद्यात सगळे खर्च जाऊन हातात ८ टक्के उरत असतील तर तो एक लाख भरून काढायला साडेबारा लाखांची नवीन विक्री करावी लागेल. ५ टक्के उरत असतील तर वीस लाखांची. हा आकडा एकदा कागदावर लिहून बघा, उधारी देताना हात आपोआप आखडता होतो, कोणी भाषण द्यायची गरज पडत नाही.

मग त्यात बाकीचं धरा. त्या पैशांवर तुम्ही भरत असलेलं व्याज. वसुलीसाठी मारलेल्या चकरा आणि तो वेळ. त्याच काळात भांडवल अडकल्यामुळे सोडून द्याव्या लागलेल्या ऑर्डरी, हा आकडा अंदाजाने काढावा लागतो पण काढा. माल पडून असेल तर त्याने अडवलेली जागा आणि तो शेवटी ज्या भावात जाईल त्यातला फरक.

आकडा काढायचा तो स्वतःला मारून घ्यायला नाही. पुढे ही चूक टाळण्यासाठी किती खर्च करणं परवडतं हे त्याशिवाय कळणार नाही. दहा हजारांचं नुकसान टाळायला वर्षाला पन्नास हजारांची सिस्टीम बसवली तर ती वेगळी चूक झाली, आणि अशी माणसं असतात, एकदा पोळली की प्रत्येक कागदावर तीन सह्या मागत बसतात.

पायरी ४: निर्णय घेतला तेव्हा काय माहीत होतं ते लिहून काढा

ही पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि हीच सगळे गाळतात. निकाल लागल्यावर आपल्याला वाटायला लागतं की हे तर आधीच दिसत होतं, मला तेव्हाच शंका आली होती. खरं म्हणजे आली नव्हती. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ या संशोधकांनी १९७५ मध्ये यावर एक अभ्यास छापला होता, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर जायच्या आधी लोकांना विचारलं की अमुक गोष्ट घडण्याची शक्यता किती, आणि दौरा झाल्यावर त्याच लोकांना विचारलं की तुम्ही तेव्हा किती सांगितली होती. जे घडलं त्याची शक्यता आपण जास्त सांगितली होती असंच लोकांना आठवत होतं. मुद्दाम खोटं बोलत होते असं नाही, आठवणच बदललेली.

धंद्यात याचा तोटा काय, तर तुम्ही म्हणता "मी मूर्खासारखा विश्वास ठेवला, पुढे ठेवणार नाही" आणि विषय संपवता, पण तेव्हा तुमच्याकडे कोणती माहिती होती, कोणती मागता आली असती आणि कोणती मिळणं शक्यच नव्हतं हे तीन भाग वेगळे केलेच नाहीत. जी मिळणं शक्यच नव्हतं त्याबद्दल स्वतःला दोष देऊन उपयोग नाही. जी मागता आली असती पण मागितली नाही, तिथे काम करायचंय. जुने मेसेज, ईमेल, कोटेशन, तारखा काढा आणि त्यावरून लिहा, आठवणीवरून नको.

याहून चांगला उपाय म्हणजे निर्णयाची वही. फोनमध्ये ठेवा, साध्या वहीत ठेवा, काही फरक पडत नाही. मोठा निर्णय घेताना चार ओळी: काय ठरवलं, का ठरवलं, काय होईल असं वाटतंय, आणि कोणती गोष्ट दिसली तर मी चुकलो असं मानेन. तारीख टाका. सहा महिन्यांनी वाचा. बऱ्याच नोंदी वाचून लाज वाटेल, वाटू द्या.

या वहीचा अजून एक फायदा आहे. निर्णय चुकीचा होता पण नशिबाने पैसे मिळाले, असे प्रसंग तिच्यात पकडले जातात. कागदपत्र न करता माल दिला आणि पैसे वेळेवर आले, तर माणूस म्हणतो माझी माणसं ओळखायची नजर चांगली आहे आणि पुढच्या वेळी दहापट रक्कम तशीच देतो. मला वाटतं नवीन माणसाला पहिल्याच वर्षी असं नशीब लागलं तर त्याच्यासाठी ते चांगलं लक्षण नाही.

पायरी ५: "का" विचारत खाली जा, पण माणसावर थांबू नका

टोयोटाची "पाच वेळा का" ही पद्धत आता सगळीकडे शिकवतात, ताइची ओनो यांनी तिथे रुजवलेली. त्यांचं उदाहरण असं होतं की मशीन बंद पडलं, का? लोड जास्त होऊन फ्यूज उडाला. लोड का वाढला? बेअरिंगला पुरेसं ऑइल मिळत नव्हतं. का? ऑइलचा पंप नीट ओढत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का? गाळणी लावलेली नव्हती म्हणून धातूचा कचरा आत गेला. पहिल्यावर थांबला असता तर फ्यूज बदलत बसला असता आणि थोड्या दिवसांनी मशीन परत बंद.

आता धंद्यातलं बघू. गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, का? कारण त्याची परिस्थिती आधीच बिघडली होती. आपल्याला का कळलं नाही? कारण मागची दोन बिलं थकली होती हे माल पाठवणाऱ्याला माहीत नव्हतं. का नव्हतं? कारण थकबाकीची यादी फक्त हिशोब बघणाऱ्याकडे असते. माल सोडायच्या आधी ती बघायची असं का ठरलेलं नाही? कारण उधारीची मर्यादाच कधी ठरवली नव्हती, मालक तोंडी "दे त्याला" म्हणतो आणि माल जातो. झालं, इथे काहीतरी बदलता येतं.

बहुतेक लोक "गिऱ्हाईक चोर निघालं" किंवा "आमचा पोरगा बेफिकीर आहे" इथेच थांबतात. माझा साधा नियम, उत्तरात माणसाचं नाव किंवा स्वभाव आला की अजून एक "का" विचारायचा. गिऱ्हाईक खरंच चोर असेलही, पण चोराला एवढा माल एवढे दिवस कसा मिळत राहिला हा प्रश्न तुमचा आहे. आणि हो, पाच हा आकडा काही पवित्र नाही, कधी तिसऱ्यालाच हाती लागतं, कधी एकाच प्रश्नाला दोन उत्तरं निघतात आणि दोन्हीकडे खाली जावं लागतं.

पायरी ६: धडा मापात घ्या

पोळलेला माणूस हमखास फार मोठा धडा घेतो. "आता उधारी बंद म्हणजे बंद." "पार्टनरशिप आयुष्यात नको." "ऑनलाइन जाहिरातीत पैसे घालणं मूर्खपणा." एका पार्टनरशी फिसकटलं याचा अर्थ एवढाच की त्या वेळी कोण काय करणार, पैसे कसे वाटणार आणि वेगळं व्हायची वेळ आली तर कसं व्हायचं हे लिहिलेलं नव्हतं. धडा "लिहून घे" असा हवा होता, घेतला गेला "माणूस नको" असा, आणि मग तो माणूस दहा वर्षं एकटाच सगळं ओढत बसतो.

३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल २९९ हे नवीन विमान उडाल्या उडाल्या कोसळलं. विमानात बिघाड नव्हता, जमिनीवर असताना वाऱ्याने शेपटीकडचे भाग हलू नयेत म्हणून जे लॉक लावतात ते काढायचं अनुभवी वैमानिकाकडून राहून गेलं होतं. हे विमान माणसाला झेपणारच नाही असा धडा घेता आला असता, किंवा वैमानिक निष्काळजी होता म्हणून फाइल बंद करता आली असती. त्याऐवजी वैमानिकांसाठी उड्डाणाआधी तपासायची छोटी यादी बनवली गेली. तेच विमान पुढे बी-१७ म्हणून ओळखलं गेलं आणि अशी १२ हजारांच्या वर विमानं बनली.

तुमचा नियमही असा छोटा, तपासता येणारा आणि ठराविक वेळेला लागू होणारा हवा. "सावध राहायचं" हा नियम नाही. "मागचं बिल ४५ दिवसांच्या वर थकलं असेल तर नवीन माल मालकाच्या लेखी मेसेजशिवाय सोडायचा नाही" हा नियम आहे. "क्वालिटीकडे लक्ष द्यायचं" हा नियम नाही. "नवीन सप्लायरची पहिली ऑर्डर नेहमीच्या एक दशांश, आणि तो माल तपासून झाल्यावरच दुसरी" हा आहे. नियम लिहिला की स्वतःला एकच विचारा, हा नियम तेव्हा असता तर हे नुकसान थांबलं असतं का, आणि याच्यामुळे चांगला धंदा किती अडला असता? दोन्हीची उत्तरं बरी आली तर ठेवा.

आणि नियम त्या जागी लावा जिथे काम होतं. उधारीचा नियम बिल बनवतात तिथे हवा, तुमच्या डोक्यात किंवा केबिनमधल्या बोर्डावर नको. नाइट कॅपिटलमध्ये त्या दिवशी बाजार उघडायच्या आधी सिस्टीमने लोकांना आपोआप ९७ ईमेल पाठवले होते ज्यात या गडबडीचा उल्लेख होता, पण ते ईमेल धोक्याची सूचना म्हणून बनवलेलेच नव्हते म्हणून कोणी त्याकडे बघितलं नाही.

मध्येच थोडं: ही एक चूक जवळजवळ सगळे करतात

नफा आहे म्हणजे पैसे आहेत असं समजणं. हे नवीन माणसाला सांगून पटत नाही म्हणून आकडे देतो. समजा महिन्याला दहा लाखांची विक्री, त्यासाठी आठ लाखांचा माल. सप्लायरला पैसे १५ दिवसांत द्यायचे, गिऱ्हाईक देतं ६० दिवसांनी. म्हणजे मधले ४५ दिवस तुमचे पैसे अडकले, दीड महिन्याचा माल, बारा लाख. आता धंदा जोरात चालला, विक्री वीस लाख झाली, सगळे अभिनंदन करतायत, आणि अडकणारी रक्कम झाली चोवीस लाख. महिन्याचा नफा कागदावर दोन लाखांनी वाढला पण बारा लाख जास्तीचे आधीच आणून घालावे लागले. ते कुठून आणणार याचा विचार न करता मोठी ऑर्डर घेतली की चालता धंदा पगार द्यायला अडतो आणि मालकाला कळत नाही की विक्री दुप्पट असून खिशात काही का नाही.

इथे चूक झाल्यावर शिकायची वाट बघू नका. पुढच्या तेरा आठवड्यांत कोणत्या आठवड्यात किती येणार आणि किती जाणार हे आजच एका शीटवर मांडा, आणि येणाऱ्या पैशांच्या तारखा गिऱ्हाईक सांगतं त्या नको, मागच्या वेळी त्याने खरंच ज्या दिवशी दिले त्यावरून धरा. मोठी ऑर्डर आली की अ‍ॅडव्हान्स मागा, किंवा सप्लायरकडून दिवस वाढवून घ्या, दोन्ही जमत नसेल तर ऑर्डर तुकड्यांत घ्या.

याच जातीच्या अजून दोन: अर्ध्याच्या वर विक्री एकाच गिऱ्हाइकाकडून असणं (तो गेला की तुम्ही गेलात, आणि त्याला हे माहीत असतं म्हणून भाव पाडून मागतो), आणि आपल्या स्वतःच्या वेळेचा पगार न धरता किंमत ठरवणं. दुसरीवर तर एक आख्खा वेगळा लेख होईल.

पायरी ७: पुढच्या चुका छोट्या ठेवा

चुका होणारच, त्यांचा आकार तुमच्या हातात आहे. नवीन प्रॉडक्ट, नवीन शहर, नवीन मशीन, काहीही असो, सुरू करायच्या आधी लिहा की किती पैसे आणि किती दिवस, आणि काय दिसलं नाही तर बंद. आधीच लिहायचं, कारण पैसे घातल्यावर "एवढे घातलेत तर अजून थोडे" हा विचार येतोच येतो. एक सोपा प्रश्न आहे, आज यात माझा एकही पैसा नसता तर मी आजच्या माहितीवर यात उतरलो असतो का? नाही असं उत्तर आलं तर आधी घातलेले पैसे हे पुढे घालायचं कारण होऊ शकत नाही, ते गेलेत.

चाचणी घेताना प्रश्न बरोबर विचारा. कोका-कोलाने १९८५ मध्ये नवीन चवीचा कोक आणला तेव्हा जवळपास दोन लाख लोकांना चव देऊन बघितली होती आणि जास्त लोकांना नवीन चव आवडली होती. पण ही आली की जुनी मिळणार नाही, चालेल का, हा खरा प्रश्न त्यात नव्हताच. २३ एप्रिलला नवीन कोक आला, लोकांनी एवढा गोंधळ घातला की ११ जुलैला जुना परत आणतोय असं सांगावं लागलं. तुमच्या पातळीवर याचा अर्थ असा की मित्राला "कसं वाटतंय" विचारू नका, तो छानच म्हणणार. अनोळखी माणसाकडे अ‍ॅडव्हान्स मागून बघा.

अजून एक उपयोगी गोष्ट, मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये लेख लिहून मांडलेली. काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना बसवायचं आणि सांगायचं की समजा एक वर्ष झालं आणि हे सपशेल फसलंय, का फसलं ते प्रत्येकाने लिहा. "काही अडचण वाटते का" असं विचारलं तर मालकासमोर कोणी बोलत नाही, पण फसलंच आहे असं धरून चाललं की लोक मोकळेपणाने कारणं काढतात, आणि त्यातली दोन-तीन अशी निघतात की तुम्ही डोक्याला हात लावाल.

पायरी ८: दुसऱ्याच्या पैशाने शिका

पुढच्यास ठेच मागचा शहाणा, पण ठेच कुठे लागली हे पुढचा सांगेल तर ना. यशस्वी लोक स्टेजवर बोलतात, बुडालेले गप्प बसतात, त्यामुळे नवीन माणसाच्या कानावर जे येतं ते एका बाजूचं असतं. धाडस केलं म्हणून जिंकलो असं सांगणारा एक दिसतो, तेच धाडस करून बुडालेले किती ते दिसत नाही.

म्हणून तुमच्याच लाइनमध्ये धंदा बंद केलेल्या एक-दोघांना शोधा आणि आदराने विचारा. "काय चुकलं" असं तोंडावर विचारलं तर माणूस मिटतो. "आज परत सुरू केलं तर पहिल्या महिन्यात काय वेगळं कराल", "कोणत्या प्रकारच्या गिऱ्हाइकाला आता माल देणार नाही", "कोणता खर्च आधी केला जो नंतर चालला असता" असं विचारलं की अर्ध्या तासात तुमची दोन वर्षं वाचतात. सल्ला देणाऱ्यांपेक्षा हिशोब बघणारी माणसं, म्हणजे अकाउंटंट, बँकेतले लोक, जुने सप्लायर, यांना जास्त माहिती असते, कारण त्यांनी बुडताना बघितलेलं असतं. नावं विचारू नका, ती सांगणारही नाहीत, पद्धत विचारा.

आणि स्वतःच्या माणसांकडून शिका. विमान क्षेत्रात १९७६ पासून नासा एक योजना चालवते, वैमानिक किंवा बाकी कर्मचारी आपलीच चूक गुप्तपणे कळवू शकतात, आणि चूक मुद्दाम केलेली किंवा गुन्ह्याच्या स्वरूपाची नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल तर सहसा दंड होत नाही. तुमच्याकडे चार माणसं असली तरी हाच हिशोब लावा. ज्याने स्वतः येऊन त्याच दिवशी सांगितलं त्याच्यावर ओरडायचं नाही, पैसे कापायचे नाहीत. ज्याने लपवलं त्याच्याशी वेगळं वागायचं. हे एकदा जाहीर करून पहिल्याच वेळी रागात मोडलंत तर पुढे तुम्हाला कोणी काही सांगणार नाही, सगळं महिनाअखेरीला हिशोबातूनच कळेल.

पायरी ९: नियम अजून चालतोय का ते बघा

महिन्याने एकदा आणि मग तीन महिन्यांनी. कसं बघायचं, तर मागची दहा बिलं किंवा दहा ऑर्डरी काढायच्या आणि किती वेळा नियम पाळला ते मोजायचं, स्टाफला विचारायचं नाही कारण सगळे "हो पाळतो" म्हणतात आणि त्यांना तसं खरंच वाटतही असतं. दहापैकी चार वेळा मोडला असेल तर आधी नियमावर शंका घ्या, माणसांवर नंतर. बहुतेक वेळा असं निघतं की नियम पाळायला जो कागद लागतो तो वेळेवर मिळत नाही, किंवा मालक स्वतःच ओळखीच्यांसाठी मोडतो. दुसरं कारण जास्त वेळा असतं.

नियम वाढत गेले की पाळणं बंद होतं, म्हणून वर्षातून एकदा छाटणी करा. ज्या गिऱ्हाइकामुळे नियम केला ते राहिलं नाही, पेमेंटची पद्धत बदलली, आता सगळं आधीच ऑनलाइन येतं, तर तो नियम काढा. काढताना मात्र शेजारी लिहून ठेवा की हा का केला होता, तेव्हा किती रक्कम गेली होती आणि आता कोणत्या कारणाने काढतोय. नंतर येणारा मॅनेजर किंवा भागीदार तोच व्यवहार नव्याने सुरू करायला निघाला की त्याला आधी ते पान वाचायला द्या.